भंगारातलं सोल्डर ओतकामासाठी: आणायचं कुठून आणि ओळखायचं कसं

दिवाळी जवळ आली की तोच प्रश्न परत परत येतो, भंगारवाल्याकडून तीन-चार किलो सोल्डर (वायरी, पार्ट जोडायला वितळवून लावतात तो मऊ धातू) आणलं, घरी सगळं एका कढईत वितळवलं, मस्त लाद्या पाडल्या, आणि आता साच्यात भाल्याचं टोकच भरत नाही, मावळ्याचा हात अर्धाच येतो, तर हे नक्की काय मटेरियल आहे? आता ह्याला कोण काय उत्तर देणार, चार-पाच प्रकारचा माल एकजीव झालेला असतो आणि तो घरच्या घरी वेगळा करता येत नाही. चूक ओतण्यात नसते, क्रमात असते. ओळख आधी, मिसळणं सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा, मधली एकही उडवू नका.

१. आधी ठरवा, ओतायचं काय आहे

जुनं सोल्डर म्हणजे बहुतेक वेळा कथील आणि शिसं. शिसं अंगात साठतं आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. त्यामुळे किल्ल्यावरचे मावळे, तोफा, घोडे, जे काही पोरं हातात घेणार आणि मग तोच हात तोंडात घालणार, ते शिशाच्या सोल्डरचं ओतायचंच नाही. रंग मारला तरी नाही, रंग उडतो. तसंच अंगाला लागणारे दागिने, वाटी, चमचा, देवघरातलं निरांजन किंवा नैवेद्याची ताटली, ह्यातलं काहीच नाही.

शिशाचा माल चालतो तो शोकेसमधल्या मॉडेलला, रेल्वे मॉडेलच्या पार्ट्सना, वजन म्हणून वापरायच्या तुकड्यांना. मुलांसाठी करायचं असेल तर भंगार सोडा, नवीन लेड-फ्री, म्हणजे बिनशिशाचा बार किंवा शुद्ध कथील घ्या. महाग पडतं हे मान्य, पण इथे काटकसर नको.

२. जागा आणि सामान

किचन नाही. चाळीची कॉमन गॅलरी पण नाही, तिथे पोरं खेळतात. सोसायटीची गच्ची परवानगी घेऊन, किंवा ओळखीतल्या कुणाचा गाळा, जिथे हवा खेळती आहे आणि वर छप्पर आहे. छप्पर का, तर मुंबईत जून ते सप्टेंबर कधी सर येईल सांगता येत नाही आणि वितळलेल्या धातूत पाणी गेलं की त्याची क्षणात वाफ होते आणि धातू चेहऱ्यावर उडतो.

सामान: जाड लोखंडी कढई किंवा स्टीलचं भांडं, स्टीलची पळी, एक-दोन स्टीलच्या वाट्या, हे सगळं ह्याच कामाचं, परत स्वयंपाकात जाणार नाही असं. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, तापलं की नरम पडतं. जस्ताचा मुलामा असलेली पत्र्याची बादली किंवा डबा नको, ते जस्त मालात उतरतं. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, के टाइप थर्मोकपल (धातूत बुडवून टेम्परेचर मोजायची तार) लागणारा मल्टिमीटर, चामड्याचे ग्लोव्हज, पूर्ण डोळे झाकणारा गॉगल, बंद शूज, जाड कॉटनची पँट, आणि पी१०० फिल्टरचा, म्हणजे बारीक धूळ अडवणारा मास्क.

मास्कबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण इथे दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. कढई ४०० अंशाच्या खाली ठेवली तर शिशाची वाफ फारच कमी होते, पण म्हणून आपण सेफ, असं नाही, खरा धोका वितळलेल्या धातूवर जमणाऱ्या मळीच्या पावडरीत आहे. ती राखाडी पूड काढताना उडते, बोटांना लागते, आणि मग तेच बोट वडापावला. म्हणून काम चालू असताना खाणं, चहा, तंबाखू काही नाही, झाल्यावर साबणाने हात-तोंड धुवायचं, कपडे वेगळे धुवायचे, आणि जागा झाडूने झाडायची नाही तर ओल्या फडक्याने पुसून घ्यायची.

सावधान: लांबून टेम्परेचर दाखवणाऱ्या इन्फ्रारेड गनवर भरवसा ठेवू नका. चकचकीत धातूवर ती खूप कमी टेम्परेचर दाखवते, माल ३०० वर असताना १०० सुद्धा दाखवेल. थर्मोकपलच पाहिजे.

इथे तपासा: थर्मोकपल उकळत्या पाण्यात धरा. मुंबई समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे १०० अंशच यायला पाहिजे. दोन-तीन अंश इकडेतिकडे असेल तर तो फरक लिहून ठेवा, पुढे लागेल.

३. माल कुठून

सगळ्यात आधी लॅमिंग्टन रोडवरून चांगल्या कंपनीचं नवीन ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर थोडं घ्या. हे ओतायला नाही, हे तुमचं माप. पुढे प्रत्येक भंगार ह्याच्याशी ताडून बघायचं आहे. बऱ्याच जणांना हा फालतू खर्च वाटतो, पण ज्याच्याकडे खात्रीचा एक नमुना नाही त्याची पुढची प्रत्येक टेस्ट अंदाजच राहते.

भंगारासाठी कुर्ला, साकीनाका, धारावीचा १३ कंपाउंड आणि रे रोडचा दारुखाना ह्या जागा आहेत. दारुखान्यात जहाजतोडीचा माल येतो, तिथे बेअरिंगचा व्हाइट मेटल मिळतो आणि दुकानदार तो सोल्डरच्या नावावर देतो. त्यात कथील भरपूर असू शकतं पण अँटिमनी आणि तांबंही असतं, काही प्रकार तर शिशाचेच असतात, त्यामुळे चांगला माल असला तरी सोल्डर नाही, वेगळा ठेवायचा. आणि बाजारात मूर्त्यांना, शिल्डला जे व्हाइट मेटल म्हणतात ते बहुतेक जस्ताचं असतं, तो तिसराच प्रकार.

रिपेअरिंगवाल्यांकडे वायरचे तुकडे, संपत आलेली रिळं मिळतात, पण त्यात लेडवालं आणि लेड-फ्री एकाच डब्यात टाकलेलं असतं. रेडिएटरवाल्यांकडचं सोल्डर शिशाच्या बाजूला झुकलेलं असतं आणि पितळाच्या संगतीने त्यात जस्त येतं. शुद्ध कथील हवं असेल तर गुलालवाडी-कीका स्ट्रीटला नॉन-फेरसवाल्यांची, म्हणजे लोखंड सोडून बाकीचे धातू विकणाऱ्यांची लाईनच आहे, थोडा माल द्यायला सगळेच तयार होत नाहीत, विचारत जायचं.

काय घ्यायचं नाही ते नीट वाचा:

गाड्यांच्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या प्लेटा. त्यात अँटिमनी, आर्सेनिक, कॅल्शियम असू शकतं आणि त्याच्या मळीला ओल लागली की विषारी गॅस निघू शकतो.

सर्किट बोर्ड जाळून काढलेलं सोल्डर, किंवा स्वतः बोर्ड जाळणं. बोर्डात ब्रोमिनवाली रसायनं असतात, धूर भयंकर वाईट, आणि हातात येतं ते मूठभर. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-वेस्टच्या नियमांप्रमाणे हे काम नोंदणी असलेल्या रिसायकलरचं आहे.

फॅक्टरीत सर्किट बोर्ड सोल्डर करणाऱ्या वेव्ह सोल्डरिंग मशिनची मळी. गोणीत स्वस्त मिळते, पण ती अर्धी पूड असते आणि पूडच आपल्याला नको आहे.

सोनारकामाचे केडीएमचे तुकडे. केडीएम म्हणजे कॅडमियम, त्याचा धूर फुप्फुसाला फार वाईट. हात लावू नका.

रेल्वेची केबल, सिग्नलचा माल. १९६६च्या कायद्याप्रमाणे रेल्वेचा चोरीचा माल नुसता जवळ सापडला तरी गुन्हा आहे. दुकानदाराने माल कुठून आला हे सांगायला टाळाटाळ केली की दुसरं दुकान बघा, आणि घेतलेल्या मालाचं बिल मागा.

४. दुकानातच उभ्या उभ्या बघायचं

शिक्का बघा. बारवर ६०/४०, ६३/३७, ५०/५० असं ओतीव किंवा ठोकलेलं असतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या मालात पहिला आकडा कथिलाचा. तोंडी कुणी नुसतं "चाळीस-साठ" म्हणालं तर त्यातलं चाळीस कशाचं ते विचारून घ्या, कारण कथील शिशाच्या कित्येक पट महाग आहे आणि सगळी गडबड तिथेच होते. शिक्का म्हणजे पुरावा नाही, ६०/४० लिहिलेल्या बारमध्ये कथील कमी निघू शकतं.

मग पृष्ठभाग. ६३/३७ गोठलं की गुळगुळीत आणि आरशासारखं चमकतं. ५०/५० आणि त्याच्या खालचं निस्तेज, दव पडल्यासारखं खरखरीत दिसतं. लेड-फ्री पांढरट असतं पण मॅट, बारीक रेषा-रेषा दिसतात. शिसं निळसर करडं. जुना माल असेल तर चाकूने खरवडून आतलं बघा, वरचा रंग काही सांगत नाही.

पातळ पट्टी असेल तर कानाजवळ धरून वाकवा. कथील जास्त असेल तर करकर असा बारीक आवाज येतो, शिसं वाढलं की आवाज मरतो. पांढऱ्या कागदावर घासा, शिसं जास्त असेल तर पेन्सिलसारखी करडी रेघ उठते. ह्या दोन्ही टेस्ट फक्त "हे घेऊ की नको" ठरवायला आहेत, टक्केवारी सांगायला नाहीत. बघून झालं की हात धुवा किंवा ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर तेच हात लोकलच्या दांड्याला आणि घरी पोराच्या गालाला.

५. घरी आल्यावर: वेगळं ठेवा, वाळवा

प्रत्येक दुकानाचा, प्रत्येक दिवसाचा माल वेगळ्या पिशवीत, वर मार्करने तारीख, जागा, वजन, दुकानदार काय म्हणाला ते. एकाच दुकानातून घेतलेले पण दिसायला वेगळे तुकडे असतील तर तेही वेगळे.

मग दोन झटपट टेस्ट. एक, छोटा तुकडा ह्याच कामाच्या भांड्यात उकळत्या पाण्यात टाका. तो नरम पडला किंवा वितळला तर ते बिस्मथवालं फार कमी तापमानाचं मटेरियल आहे, वुड्स मेटल ७० अंशालाच वितळतं आणि त्यात कॅडमियम असतं. चष्म्याच्या काचांचं काम करणाऱ्या वर्कशॉपमधून असा माल भंगारात येतो. लगेच बाजूला काढा, पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा, वितळवू नका.

दोन, खरवडलेल्या जागेवर ॲसिडवाल्या टॉयलेट क्लीनरचा एक थेंब. जोरात बुडबुडे आले तर जस्त. सोल्डरवर लगेच असं काही होत नाही. हे बाहेर, ग्लोव्हज घालून करा आणि जवळपास ब्लीच नको, दोन्ही मिसळले तर क्लोरीन निघतो.

सावधान: पावसाळ्यात आणलेला माल, खासकरून भेगा असलेले आणि रिळावरचे तुकडे, आतून ओले असतात. वितळवायच्या आधी भांड्याच्या कडेला ठेवून चांगले गरम होऊ द्या. आधीच वितळलेल्या धातूत थंड किंवा दमट तुकडा टाकायचाच नाही.

६. पहिलं वितळवणं, एका पिशवीचं एकदा

कढई थंड असतानाच माल घाला आणि हळूहळू तापवा. वायर असेल तर आतला फ्लक्स म्हणजे रोझिन (एक प्रकारची राळ) वितळून धूर होतो, ह्या धुराने दमा उठतो, मास्क असला तरी वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे रहा. ३०० अंशाच्या वर न्यायची गरज नाही. काही तुकडे ३०० ला सुद्धा तसेच राहिले तर आच वाढवू नका, ते सोल्डर नाहीत. शिसं ३२७ला वितळतं, जस्त ४१९ला, आच वाढवली की तुम्ही स्वतःच तो कचरा मालात मिसळणार. झाऱ्याने काढून टाका.

सगळं पातळ झालं की मेणाचा छोटा तुकडा टाकून ढवळा, पेट घेतो, घाबरायचं नाही पण तोंड लांब ठेवा. ह्याने वरच्या सायीत अडकलेला बराच धातू परत खाली येतो. उरलेली काळी-करडी मळी झाऱ्याने काढून झाकणाच्या डब्यात. हा डबा महापालिकेच्या कचऱ्यात जाणार नाही, शिशाचा माल घेणाऱ्या रिसायकलरलाच द्यायचा.

आता वर बघत रहा. साय काढल्यावर लगेच परत जाड, गुठळ्यांची साय येत राहिली तर जस्ताचा संशय. ढवळताना बारीक खडे, सुया लागल्यासारखं वाटलं तर तांबं, वेव्ह मशिनच्या आणि रिपेअरिंगच्या मालात हे हमखास. ६३/३७ च्या जवळच्या लेडवाल्या सोल्डरमध्ये माल १९०च्या आसपास थोडा वेळ धरला तर ह्या सुया वर तरंगतात आणि झाऱ्याने निघतात. लेड-फ्रीमध्ये त्या तळाशी जातात, तिथे वरून काढायचा प्रयत्न फुकट.

मग एक भरीव लादी ओता, २०० ग्रॅमच्या आसपास. पुढच्या टेस्टला हीच लागणार.

इथे तपासा: लादी मधे बसली असेल, खड्डा पडला असेल, तर ती घनतेच्या टेस्टला चालणार नाही, आतली हवा आकडा खोटा पाडते. परत ओता.

७. घनता मोजा

काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा आणि काटा शून्य करा. लादी बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. जे रीडिंग येईल ते लिहा. लादीचं कोरडं वजन भागिले हे रीडिंग, झाली घनता. पाण्यात भांडी धुवायच्या लिक्विडचा एक थेंब टाका म्हणजे लादीला बुडबुडे चिकटणार नाहीत.

समजा लादी २०० ग्रॅमची आहे. रीडिंग २३.५ आलं तर घनता ८.५, म्हणजे ६०/४०. २२.५ आलं तर ८.९, ५०/५०. २१.६ आलं तर ९.३, ४०/६०. २०.६ आलं तर ९.७, ३०/७०. शुद्ध कथिलाला २७.४ येतं आणि शुद्ध शिशाला १७.६. लेड-फ्री २७च्या आसपास. ६०/४० आणि ५०/५० मध्ये एकाच ग्रॅमचा फरक आहे बघा, म्हणून ०.१ ग्रॅमचा काटा सांगितला, किचनचा १ ग्रॅमवाला इथे कामाचा नाही.

रीळ किंवा वायर तशीच बुडवून मोजू नका, आतला फ्लक्स हलका असतो आणि कथील जास्त असल्याचा भास होतो.

बरेच जण इथेच थांबतात. थांबू नका. कथील ४२ आणि बिस्मथ ५८ असं एक लो-टेम्परेचर सोल्डर येतं, त्याची घनता ८.६च्या जवळ, म्हणजे ६०/४० च्या अगदी शेजारी. घनतेवर भरवसा ठेवून हे लेडवाल्यात मिसळलं की ९६ अंशालाच वितळणारा भाग तयार होतो, आणि ओतलेली वस्तू साच्यातून काढताना चुरा होते.

८. गोठताना बघा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि सगळ्यात जास्त जण हीच टाळतात.

स्टीलच्या वाटीत ३०० ग्रॅम माल वितळवा, ३०० अंशापर्यंत न्या, आच बंद करा, वाटी कोरड्या विटेवर ठेवा. थर्मोकपलचं टोक धातूच्या मधोमध, तळाला न लागता. आता मोबाईलवर मल्टिमीटरचा व्हिडिओ लावून ठेवा आणि नंतर निवांत बसून दर दहा सेकंदाचा आकडा कागदावर उतरवा.

टेम्परेचर सरळ खाली येत राहील आणि मग कुठेतरी उतरणं मंदावेल किंवा थांबेलच. हा पहिला थांबा म्हणजे गोठायला सुरुवात. मग परत उतरेल आणि दुसरा थांबा येईल, जिथे आकडा चांगला चिकटून बसतो, तिथे माल पूर्ण गोठतो.

६३/३७ ला एकच थांबा, १८३ला. तुमच्या लॅमिंग्टन रोडच्या नमुन्यावर हे आधी करून बघा, तिथे १८५ दाखवलं तर तुमचं मीटर दोन अंश पुढे आहे. ६०/४० ला पहिला थांबा १९०च्या आसपास आणि मग १८३. ५०/५० ला २१४ आणि १८३. ४०/६० ला २३८ आणि १८३. शेवटचा १८३चा थांबा दिसला म्हणजे कथील-शिसं दोन्ही आहेत.

१८३ला काहीच झालं नाही, पण २१७ ते २२० मध्ये थांबलं तर चांदी-तांबंवालं लेड-फ्री, २२७ला थांबलं तर कथील-तांबं, २३२ला एकच घट्ट थांबा आला तर जवळपास शुद्ध कथील. १३८ला थांबा दिसला तर बिस्मथ.

कधी कधी आकडा थांबायच्या आधी दोन-चार अंश जास्तच खाली जातो आणि मग उसळून वर येतो. वर आल्यावरचा आकडा धरायचा.

घनता आणि हे दोन्ही मिळूनच उत्तर येतं. पहिला थांबा १९०च्या जवळ आला तर माल ६०/४० पण असू शकतो आणि ७०/३० पण, दोघांचे थांबे जवळजवळ सारखे. घनता ८.५ असेल तर पहिला, ८.२ असेल तर दुसरा. आणि दोन्ही टेस्ट एकमेकींशी जुळतच नसतील तर तिसरा कुठलातरी धातू आहे, तो लॉट कशातच मिसळू नका.

सावधान: माल गोठल्यावर थर्मोकपल ओढून काढू नका, तुटतं. परत वितळवून काढा.

अजूनही शंका असेल तर झवेरी बाजारात सोनं तपासणाऱ्यांकडे एक्सआरएफ मशीन असतं, ते क्ष-किरणांनी कुठला धातू किती ते दाखवतं. जायच्या आधी विचारा की कथील, शिसं, बिस्मथ, कॅडमियम हे सगळं दाखवतं का, कारण काही मशिनं सोन्या-चांदीच्याच हिशोबाने लावलेली असतात.

९. ठोकून ठेवा, मग मिसळा

प्रत्येक लादीवर पंचने लॉट नंबर ठोका, मार्कर पुसला जातो. वहीत त्या नंबरसमोर घनता, दोन्ही थांबे, माल कुठला ते. लेडवाल्याची कढई, पळी, झारा वेगळे आणि लेड-फ्रीचे वेगळे, त्यांची अदलाबदल कधीच नाही.

शोकेसमधल्या मॉडेलच्या बारीक कामाला, म्हणजे भाला, तलवार, घोड्याचे पाय, ६३/३७ च्या जवळचा माल लागतो कारण तो पातळ असतो तोपर्यंत पातळच राहतो आणि मग एकदम गोठतो. ४०/६० हे २३८ ते १८३ एवढा वेळ शिऱ्यासारखं घट्टसर असतं, टोकापर्यंत पोचायच्या आधीच अडकतं. सुरुवातीला जो अर्ध्या हाताचा मावळा सांगितला त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, आणि लोक उगाच साचा कोरत बसतात.

सुधारायचं असेल तर हिशोब शिशाच्या बाजूने करा. १ किलो ५०/५० मध्ये ५०० ग्रॅम शिसं आहे. तेच ५०० ग्रॅम एकूण मालाच्या ३७ टक्के व्हायला हवं, म्हणजे एकूण माल १३५१ ग्रॅम, म्हणजे ३५१ ग्रॅम शुद्ध कथील घालायचं. घालताना आधी सोल्डर वितळवा, कथील गरम करून मग सोडा, २६०च्या आसपास नीट ढवळा. त्यातून परत २०० ग्रॅमची लादी ओता आणि पायरी ७ आणि ८ पुन्हा करा. एकच थांबा, १८३ला, आणि घनता ८.४, असं आलं की हा लॉट साच्याला तयार. ओतताना माल २४०-२५०ला ठेवा, प्लास्टरचा साचा असेल तर तो आधी पूर्ण वाळलेला पाहिजे, मुंबईच्या दमट हवेत नुसता उन्हात ठेवून भागत नाही, ह्याच कामासाठी ठेवलेल्या ओव्हनमध्ये १०० अंशाच्या वर काही तास ठेवा आणि वजन कमी व्हायचं थांबलं की मगच वापरा.